मुलीच्या रिपोर्टवर 'एक्सवाय' लिहून आलंय, आता काय?

मागच्या महिन्यात एका उत्तरात मी सहज दोन ओळी टाकल्या होत्या, की मुलगी पंधरा-सोळाची झाली तरी पाळी आली नसेल तर नवस आणि काढे जरा बाजूला ठेवा आणि तपासण्या करून घ्या. त्या दोन ओळींवर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बरीचशी नेहमीची होती, थायरॉईड, वजन, पीसीओडी वगैरे, त्यांना उत्तरं पाठवलीत. पण पाच पत्रं एकाच गोष्टीभोवतीची निघाली, मुलीची गुणसूत्रं मुलांसारखी 'एक्सवाय' असण्याभोवतीची (मुलींची सहसा 'एक्सएक्स' असतात), म्हणून यावेळचं सदर पूर्ण त्यांनाच देतेय. नावं, गावं आणि ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय, तेव्हा "हे आपल्या अमकीचंच दिसतंय" असा अंदाज बांधू नका, चुकाल.

प्रश्न : मॅडम, माझी मुलगी सतरा वर्षांची, बारावी सायन्सला आहे. घरात सगळ्यांपेक्षा उंच, छातीची वाढ वगैरे सगळं मैत्रिणींसारखं, पण पाळी आलीच नाही. सासूबाई म्हणायच्या येईल, आमच्यात उशिराच येते. शेवटी दिवाळीनंतर सोनोग्राफी केली तर गर्भपिशवी दिसत नाही म्हणाले, मग रक्त बाहेर पाठवलं आणि रिपोर्ट आला ४६ एक्सवाय. डॉक्टर म्हणाले ही मुळात मुलगा आहे, पोटात अंडकोष आहेत, कॅन्सर होईल, पुढच्या आठवड्यात ऑपरेशन करून टाकू. मी आणि मिस्टर गाडीत बसून अर्धा तास रडलो. मुलीला सांगितलंय की पोटात छोटी गाठ आहे. माझ्या आईच्या थोरल्या बहिणीला पण कधी पाळी आली नव्हती, नवऱ्याने दुसरी केली आणि मावशी आयुष्यभर माहेरीच राहिली. हे माझ्याकडून आलंय का? (एक आई, सांगली जिल्हा)

ताई, आधी एक काम करा, पुढच्या आठवड्याच्या त्या तारखेला नाही म्हणा. भांडू नका, फक्त म्हणा की आम्हाला दुसरं मत घ्यायचंय. तुम्ही लिहिलंय त्यात आठवड्यात करायलाच हवं असं काही मला दिसत नाही, आणि एकदा काढलं की परत बसवता येत नाही.

आता ते "मुळात मुलगा आहे" हे वाक्य. हे डोक्यातून काढा, कारण ते नुसतं दुखावणारं नाहीये, चुकीचं पण आहे. तुम्ही लिहिलंय त्यावरून हे अँड्रोजन इनसेन्सिटिव्हिटी सिंड्रोम असण्याची शक्यता बरीच वाटते, थोडक्यात एआयएस म्हणतात. त्यात होतं असं की गर्भात पहिले सहा-सात आठवडे सगळी बाळं सारखीच असतात, मग वाय गुणसूत्र असेल तर त्यावरचा एक जीन पोटात वृषण तयार करतो आणि वृषणं दोन निरोप पाठवतात. एक निरोप एएमएच नावाच्या हार्मोनचा, की गर्भपिशवी आणि नळ्या बनवू नका. हा निरोप पोचतो, त्यामुळे गर्भपिशवी बनत नाही. दुसरा निरोप टेस्टोस्टेरॉनचा, की बाहेरून मुलासारखी घडण करा. तो निरोप वाचायचा तर पेशींमध्ये एक रिसेप्टर लागतो, त्याचा जीन एक्स गुणसूत्रावर असतो आणि नेमका त्यातच बदल झालेला असतो. म्हणजे पत्र रोज येतंय पण घरात ती लिपी कुणालाच वाचता येत नाही. मग शरीर मुलीचंच घडतं. आणि वयात येताना मजा बघा, तेच टेस्टोस्टेरॉन शरीर वळवून त्याचं इस्ट्रोजेन करतं, आणि ही लिपी पेशींना व्यवस्थित वाचता येते, म्हणून छाती भरते, अंगाची गोलाई येते. काखेत आणि खाली केस मात्र अगदी विरळ किंवा नाहीतच, कारण त्या केसांना टेस्टोस्टेरॉनचाच निरोप लागतो. उंची पण बऱ्याच जणींची जास्त असते. तुमची लेक जन्मापासून मुलगी म्हणून वाढलीय, तिला स्वतःला मुलगी वाटतंय, एका लॅबच्या कागदाने त्यात काही बदलत नाही.

पण, आणि हा पण महत्त्वाचा आहे, नुसतं "एक्सवाय" म्हणजे निदान नाही. स्वायर सिंड्रोममध्ये पण एक्सवाय असतं, पण तिथे गर्भपिशवी असते आणि आतल्या ग्रंथी तयारच झालेल्या नसतात, छातीची वाढ आपोआप होत नाही, आणि तिथे कॅन्सरची भीती खरंच जास्त असल्यामुळे त्या ग्रंथी लवकर काढतात. फाइव्ह अल्फा रिडक्टेजच्या कमतरतेत वयात येताना आवाज फुटायला लागतो, स्नायू वाढतात. आणि गर्भपिशवी नाही पण गुणसूत्रं एक्सएक्स, अंडाशय नॉर्मल, केस नॉर्मल, असं असेल तर ते एमआरकेएच, ते साधारण पाच हजार मुलींमागे एकीला असतं म्हणजे एआयएसपेक्षा कितीतरी जास्त. या सगळ्यांची वाट वेगवेगळी आहे. म्हणून आधी पक्कं करायचं ते असं: टेस्टोस्टेरॉन, एलएच, एफएसएच, एएमएच रक्तातून, मग पोटाचा एमआरआय, कारण सोनोग्राफीत पोटातली वृषणं कधी दिसतच नाहीत तर कधी "ओव्हरी" म्हणून लिहून येतात, आणि शेवटी जमेल तेव्हा त्या रिसेप्टरच्या जीनची तपासणी. पूर्ण एआयएसमध्ये (म्हणजे रिसेप्टर अजिबातच वाचत नाही तेव्हा) टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या पातळीचं किंवा त्याहून जास्त निघतं, ते बघून घाबरू नका, ते तसंच यायला हवं.

कॅन्सरबद्दल. पूर्वी पोटातली वृषणं सरसकट काढायचे, मी शिकत होते तेव्हा तर कळल्याबरोबर टेबलवर घ्यायचे. आता पूर्ण एआयएस असेल तर वयात येईपर्यंत थांबतात कारण त्या वयात कॅन्सरचा धोका फारच कमी, एक-दोन टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी, आणि त्या ग्रंथीच तर इस्ट्रोजेनचा कच्चा माल पुरवतायत. काढल्या की दुसऱ्या दिवसापासून गोळ्या किंवा जेल चालू, ते पन्नाशीपर्यंत. मोठेपणी धोका हळूहळू वाढतो हे खरं, आणि आत काय चाललंय ते आधी सांगेल अशी भरवशाची रक्ताची टेस्ट नाही हे पण खरं, त्यामुळे काही जणी विशीत काढून घेतात, काही जणी दरवर्षी तपासणी करत ठेवतात. दोन्ही बरोबर. पण हा निर्णय तिचा आहे, अठरा-वीस-बावीसची झाल्यावर तिने सगळं समजून घेऊन करायचा, तिला झोपवून तुम्ही करायचा नाही.

म्हणजे तिला सांगावं लागणार. होय. मला माहितीय तुम्ही हे वाचून पान उलटणार आहात. पण सतराची, सायन्सची मुलगी, तिच्या बायोलॉजीच्या पुस्तकात गुणसूत्रांचा धडा आहे, आज ना उद्या ती तो रिपोर्ट हातात घेणार आणि मोबाईलवर शोधणार, आणि तिथे रात्री दोन वाजता एकटीने काय काय वाचेल ते तुम्हाला नको आहे. एकाच बैठकीत सगळं ओतू नका. आधी गर्भपिशवी नाही हे सांगा, पाळी येणार नाही, मूल पोटात वाढवता येणार नाही. हे ऐकून ती रडेल, रडू द्या, लगेच "दत्तक घेता येतं गं" म्हणू नका. मग काही दिवसांनी गुणसूत्रांचं, ते डॉक्टरांच्या समोर, समुपदेशक असेल तर उत्तमच. आणि गाठ आहे असं जे सांगितलंय ते आजच मागे घ्या, ती पण कॅन्सरच समजून बसली असेल.

कुठे जायचं. तालुक्याला सोनोग्राफी करणाऱ्यांचा दोष नाही, आयुष्यात एखादीच अशी केस बघितलेली असते (वीस हजार ते एक लाख एक्सवाय बाळांमागे एक असे वेगवेगळे अंदाज आहेत). तुम्हाला हवाय एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनचा डॉक्टर, आणि तो पण एकटा नको, त्याच्याबरोबर गायनॅक, जेनेटिक्सवाला, सर्जन, मानसोपचारतज्ञ अशी टीम असलेल्या ठिकाणी. २००५ साली शिकागोला जगभरचे पन्नास तज्ञ बसले होते तेव्हा त्यांनी हेच ठरवलं, की अशा केसेस एका डॉक्टरने एकट्याने हाताळू नयेत आणि पेशंटपासून काही लपवू नये. आपल्याकडे परळला केईएममध्ये एंडोक्रायनॉलॉजीचा जुना, मोठा विभाग आहे, असे पेशंट तिथे नवीन नाहीत, आणि प्रजनन आरोग्यावर संशोधन करणारी आयसीएमआरची राष्ट्रीय संस्था पण परळलाच आहे. तुम्ही सांगलीकडच्या, रात्रीच्या महालक्ष्मीने निघालात तर सकाळी मुंबईत, केसपेपरच्या रांगेत लवकर उभं राहायचं. आधी चौकशी करून त्या विभागाची ओपीडी कधी असते ते विचारून घ्या, नाहीतर हेलपाटा होतो. बरोबर सगळे जुने कागद, एमआरआय झाला असेल तर त्याची सीडी, आणि एक वही. दिल्लीचं एम्स, चंदीगडचं पीजीआय, वेल्लोरचं सीएमसी इथेही या विषयातली माणसं आहेत, पण त्यासाठी एवढ्या लांब जायची गरज पडेल असं वाटत नाही. आत गेल्यावर सरळ विचारा, तुम्ही एआयएसच्या किती मुली बघितल्यात. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. आणि तपासताना खोलीभर स्टुडंट उभे करायचे असतील तर आधी मुलीला विचारा, ती नाही म्हणाली तर नाही, हे पण सांगून ठेवा. टीचिंग हॉस्पिटलात हा त्रास होतो, मी त्या गर्दीत उभी राहिलेली आहे, मला माहितीय त्या मुलींचे चेहरे कसे होतात.

राहिलं तुमच्याकडून आलं का. जीन एक्सवर असतो आणि एक्सवाय बाळाला एक्स आईकडूनच मिळतो, त्यामुळे शास्त्राच्या भाषेत हो, बहुधा तुमच्याकडून, तुमच्याकडे तुमच्या आईकडून, आणि त्या मावशीची गोष्ट वाचून तर मला जवळजवळ खात्रीच वाटतेय. पण तुमचं दुसरं एक्स शाबूत असल्यामुळे तुम्हाला कधी कळायचं कारणच नव्हतं. यात दोष कसला. सासूबाईंना हा परिच्छेद दाखवायचा की नाही ते तुम्ही ठरवा, मी तुमच्या जागी असते तर नसता दाखवला. मावशी हयात असतील तर मात्र त्यांना भेटायला जा. त्यांना आयुष्यभर वांझ म्हटलं गेलं आणि त्या मागचं कारण त्यांना कुणी कधी सांगितलंच नसेल.

प्रश्न : आमची मुलगी अडीच वर्षांची. दोन्ही जांघांत फुगवटा यायचा म्हणून हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. ऑपरेशन चालू असताना सर्जन बाहेर आले आणि म्हणाले आत वृषणं आहेत, काढू का ठेवू, पाच मिनिटांत सांगा. मी ठेवा म्हणालो. बरोबर केलं का? जन्मदाखला बदलावा लागेल का? (एक बाबा, गोवा)

बरोबर केलंत. पाच मिनिटांत, हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये उभं राहून, यापेक्षा चांगला निर्णय कुणी घेतला नसता.

हर्निया शिवून घ्यायलाच हवा होता तो शिवला गेला, ग्रंथी आत जागेवर ठेवल्या, झालं. मुलींमध्ये जांघेचा हर्निया तसा कमीच, आणि ज्या मुलींना होतो त्यांच्यात शंभरात एक-दोन पूर्ण एआयएसच्या निघतात, विशेषतः दोन्ही बाजूंना असेल तर. म्हणून खरं तर असा हर्निया असलेल्या मुलीची ऑपरेशनच्या आधीच सोनोग्राफी किंवा गुणसूत्रांची तपासणी केली तर ती पाच मिनिटं कुणावर येणार नाहीत, पण सगळीकडे तसं होत नाही. आता निवांतपणे लहान मुलांच्या एंडोक्रायनॉलॉजिस्टला दाखवा, गोव्यात सोय झाली तर उत्तम, नाहीतर मुंबईचं वाडिया हॉस्पिटल, तेही परळलाच (परळचं आणि या विषयाचं काय नातं आहे कोण जाणे).

जन्मदाखला? तिच्या बाहेरच्या अवयवांबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही म्हणजे ते मुलीसारखेच असणार, मग पूर्ण एआयएसची शक्यता जास्त, आणि मग दाखल्याला हात लावायचं काहीच कारण नाही. बाहेरची घडण थोडी वेगळी, मधलीच असेल तर त्याला आंशिक एआयएस म्हणतात, तिथे रिसेप्टर थोडंफार वाचतो, त्यामुळे दर मुलात चित्र वेगळं, पोटात राहिलेल्या वृषणांचा धोका पण जास्त धरतात, आणि तिथे कुणी "आत्ताच प्लास्टिक सर्जरी करून व्यवस्थित करून टाकू" म्हणालं तर फार सावध राहा. बाळाचा जीव धोक्यात नसेल तर ती घाई आईबापांच्या मनाच्या समाधानासाठी असते. मद्रास हायकोर्टाने एप्रिल २०१९ मध्ये एका निकालात म्हटलं की अशा शस्त्रक्रियेला आईबापांनी दिलेली संमती ही बाळाची संमती धरता येत नाही, आणि त्याच वर्षी तामिळनाडू सरकारने तसा आदेश काढला, फक्त जिवावर बेतलं असेल तर सूट. तो आदेश तिकडचा आहे, पण त्यातलं तत्त्व गोव्यात पण तेवढंच खरं.

एक मात्र करा. ऑपरेशनच्या नोट्सची कॉपी आजच मागून घ्या आणि जपून ठेवा, ती पंधरा वर्षांनी लागणार आहे, तुम्हाला नाही, तिला.

प्रश्न : मी हायस्कूलला पीटी शिकवतो. आमची एक धावपटू मुलगी आहे, तिला एआयएस आहे असं तिच्या पालकांनी विश्वासाने सांगितलं. तिला एक्स्ट्रा फायदा मिळतो का? तिला पुढे पाठवू की नको?

सर, पूर्ण एआयएसमध्ये शरीर टेस्टोस्टेरॉन वापरूच शकत नाही. तिच्या वर्गातल्या इतर मुलींचं शरीर थोडं तरी वापरतं, हिचं शून्य. मग त्या टेस्टोस्टेरॉनचा फायदा कुठून येणार? स्पेनची हर्डल्सपटू मारिया होजे मार्टिनेझ पातिन्यो, १९८५ मध्ये जपानच्या कोबे शहरात विद्यापीठांच्या जागतिक स्पर्धेत गुणसूत्रांच्या टेस्टमध्ये अडकली, दुखापतीचं नाटक करून बाजूला हो असं तिला सांगण्यात आलं. पुढच्या वर्षी तिने ऐकलं नाही, धावली, आणि तिचा रिपोर्ट पेपरात फुटला, शिष्यवृत्ती गेली, ठरलेलं लग्न मोडलं. ती लढत राहिली आणि १९८८ मध्ये तिला परत धावायची परवानगी मिळाली. आंतरराष्ट्रीय पातळीवरचे नियम सारखे बदलतात, तिची मजल तिथवर गेली तर तेव्हाचे बघू, जिल्हा पातळीवर तिला पळू द्या. आणि स्टाफरूममध्ये हा विषय काढू नका, अगदी "विश्वासाने" पण नको.

प्रश्न : डॉक्टर, मी २९, ठाण्यात बँकेत आहे. तेराव्या वर्षी माझं ऑपरेशन झालं, मला सांगितलं होतं की ओव्हरीला गाठी होत्या म्हणून दोन्ही ओव्हरी काढल्या, म्हणून पाळी येणार नाही. गोळ्या दिल्या होत्या त्या मी कॉलेज संपल्यावर बंद केल्या कारण कंटाळा आला आणि कुणी का घ्यायच्या ते नीट सांगितलंच नाही. बाबांच्या वर्षश्राद्धानंतर गोदरेजचं कपाट आवरताना फाईल सापडली, त्यात लिहिलंय टेस्टिक्युलर फेमिनायझेशन आणि बायलॅटरल ऑर्किडेक्टमी. मी शोधून काढलं म्हणजे काय ते. आईशी तीन आठवडे बोलले नाहीये. कंबर दुखते, रात्री घाम फुटतो. एक मुलगा आवडतो, त्याला काय सांगू? मी नक्की कोण आहे?

तुझं पत्र मी दोनदा नाही, चारदा वाचलं.

मला एक कबूल करायचंय. खूप वर्षांपूर्वी, मी रेसिडेंट असताना, एका चौदा वर्षांच्या मुलीला आमच्या सरांनी हेच सांगितलं होतं, अगदी शब्दशः, ओव्हरीला गाठी होत्या बाळा. मी शेजारी ट्रे धरून उभी होते. सर वाईट नव्हते, तेव्हाच्या पुस्तकातच तसं होतं, की पेशंटला खरं सांगितलं तर ती खचेल, जीव देईल, म्हणून गोड खोटं बोला. आणि आईबापांना पण तेच बजावायचे, हिला कधी कळू देऊ नका. म्हणजे तुझ्या आईबाबांनी सोळा वर्षं ते कपाट एकट्याने सांभाळलं ते कदाचित एका पांढऱ्या कोटाच्या सांगण्यावरून. हे मी त्यांची वकिली म्हणून लिहीत नाहीये, राग तुझा आहे आणि तो रास्त आहे. फक्त आईशी बोलशील तेव्हा तिला हे एक विचार, की तुला तेव्हा कुणी काय सांगितलं होतं. मला वाटतं ती पण वाट बघतेय कुणीतरी विचारायची.

बायलॅटरल ऑर्किडेक्टमी म्हणजे दोन्ही वृषणं काढली, आणि टेस्टिक्युलर फेमिनायझेशन हे एआयएसचंच जुनं नाव आहे. १९५३ मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठाच्या जॉन मॉरिस नावाच्या गायनॅकने अशा ८२ केसेस एकत्र करून ते नाव दिलं, तेव्हा रिसेप्टरचा पत्ताच नव्हता. आता ते नाव वापरत नाहीत, एआयएसच म्हणायचं, आणि तू कोण आहेस हे त्या नावात नाहीये. ती फाईल सापडायच्या आदल्या दिवशी तू जी होतीस तीच आहेस, फक्त आता तुझ्याबद्दलची माहिती तुझ्याकडे आहे, इतकी वर्षं ती दुसऱ्यांकडे होती.

आता कंबर, आणि यात मला थोडं रागवायचंय. ग्रंथी काढल्या आणि गोळ्या बंद केल्यास म्हणजे गेली सात-आठ वर्षं तुझ्या शरीरात इस्ट्रोजेन जवळजवळ नाहीच, म्हणजे विशीतच मेनोपॉज, रात्रीचा घाम तोच आहे. याचा सगळ्यात मोठा फटका हाडांना बसतो, आणि एआयएसमध्ये हाडं आधीच थोडी कमी घट्ट असतात. तेव्हा या महिन्यातच एंडोक्रायनॉलॉजिस्ट गाठ, हाडांची डेक्सा स्कॅन करून घे, डी व्हिटॅमिन आणि कॅल्शियम तपास, आणि इस्ट्रोजेन परत चालू कर, गोळी, जेल, जे जमेल ते. गर्भपिशवी नसल्यामुळे बरोबर प्रोजेस्टेरॉन लागत नाही, कुणी सवयीने पाळीच्या गोळ्यांचं पाकीट लिहून दिलं तर विचार का म्हणून. काही जणींना इस्ट्रोजेन घेऊनही मरगळ वाटते, इच्छा वाटत नाही. जर्मनीत २०१८ मध्ये एक अभ्यास झाला त्यात ग्रंथी काढलेल्या एआयएसच्या बायकांना इस्ट्रोजेनऐवजी टेस्टोस्टेरॉन दिलं तर तेही तेवढंच चाललं आणि इच्छेच्या बाबतीत काकणभर सरसच ठरलं, कारण शरीर शेवटी त्याचं इस्ट्रोजेनच करून घेतं. हे स्वतःच्या मनाने करायचं नाही हं, डॉक्टरशी बोलायचा विषय म्हणून सांगतेय. आणि चालणं, जिने, थोडी वजनं, रोज.

हॉस्पिटलकडून मूळ कागद मिळतात का बघ. नियमाने त्यांना तीन वर्षंच ठेवावे लागतात आणि मागितले की ७२ तासांत द्यावे लागतात, तुझं प्रकरण जुनं म्हणजे मिळतीलच असं नाही, पण मोठ्या हॉस्पिटलात पॅथॉलॉजीकडे जुने रिपोर्ट कधीकधी असतात, एक अर्ज टाकून बघ.

योनीमार्ग. तू विचारलं नाहीस पण त्या मुलाचा उल्लेख केलास म्हणून. एआयएसमध्ये तो आतून बंद आणि बहुतेकदा आखूड असतो, किती ते मुलीमुलीत वेगळं, काही जणींना काहीच करावं लागत नाही. लागलं तर पहिला उपाय ऑपरेशन नाही, डायलेटर. वेगवेगळ्या मापांचे गुळगुळीत डायलेटर मिळतात, रोज काही मिनिटं, काही महिने, स्वतःच्या हाताने, घरी. बहुतेकींना तेवढं पुरतं. पण कधी, तर तुला हवं तेव्हा. त्याच्यासाठी नको, लग्नाच्या तारखेसाठी तर अजिबात नको. ज्या डॉक्टरने सांगितल्या-सांगितल्या सर्जरीची तारीख दिली त्याच्याकडून उठून यायचं.

त्याला काय सांगू. पहिल्या कॉफीला नाही आणि साखरपुड्यानंतर तर मुळीच नाही, या दोन्हीच्या मध्ये कुठेतरी, तुला वाटेल की हा माणूस राहणार आहे तेव्हा. सुरुवात "मला मूल होऊ शकत नाही" इथून कर कारण त्याच्या आयुष्याशी थेट संबंध त्याचा आहे. गुणसूत्रांचं त्याला सांगायचं का आणि कधी, ते तुझ्यावर, पण घरच्या मोठ्यांमार्फत कळवायचं नाही, बायोडेटावर दोन शब्दांत लिहायचं नाही. दत्तकसाठी 'कारा' या केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणाकडे रीतसर नोंदणी असते, एकट्या बाईला पण मूल दत्तक घेता येतं. सरोगसीच्या कायद्यात गर्भपिशवी नसणं हे मान्य कारण आहे, आणि २०२४ च्या नियमबदलानंतर जोडप्यातल्या एकाला वैद्यकीय अडचण असेल तर दात्याचं बीज वापरता येतं, जिल्हा वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. पण हे सगळं नंतरचं. त्याला आधी भेट तरी.

आणि अशा दुसऱ्या कुणाशी तरी बोल. इंग्लंडमध्ये एआयएसच्या एका मुलीच्या आईने १९८८ च्या सुमाराला सपोर्ट ग्रुप सुरू केला, आता बऱ्याच देशांत आहेत, ऑनलाइन पण. आपल्याकडे डॉक्टरांना सांगून ठेव की तुमच्याकडे माझ्यासारखी कुणी बोलायला तयार असेल तर माझा नंबर तिला द्या. मी माझ्या दोन पेशंटची अशी गाठ घालून दिली होती, त्या दोघी भेटल्या आणि पहिला अर्धा तास बोलल्या कशाबद्दल तर दोघींना मापाची चप्पल कशी मिळत नाही याबद्दल. पाय मोठे ना.

प्रश्न : माझ्या मोठ्या बहिणीला एआयएस आहे. मी २४, मला पाळी नियमित येते, पुढच्या वर्षी लग्न आहे. माझ्या मुलांना होईल का? टेस्ट कुठली करू?

पाळी नियमित म्हणजे तुला एआयएस नाही, पण तू त्याची वाहक असू शकतेस. साधारण सत्तर टक्के घरांत तो बदल आईकडून आलेला असतो, उरलेल्या तीसएक टक्क्यांत बहिणीच्या वेळेलाच नव्याने झालेला. आई वाहक असेल तर तू वाहक असायची शक्यता निम्मी, आणि तू निघालीस तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता एआयएस असलेल्या बाळाची, चारात एक तुझ्यासारखी वाहक मुलगी, बाकी दोन भागांत काहीच नाही. वाहक असण्याने तुझ्या तब्येतीला किंवा दिवस राहायला काही अडचण नाही.

टेस्टचा क्रम असा की आधी बहिणीच्या जीनमध्ये नेमका कुठला बदल आहे तो माहीत हवा, मग तुझ्या रक्तात तेवढाच शोधतात, स्वस्तात आणि खात्रीने होतं. बहिणीचा रिपोर्ट नसताना तू एकटी जाऊन पूर्ण जीनची तपासणी केलीस तर "काही सापडलं नाही" याचा अर्थ लावता येत नाही. जेनेटिक काउन्सेलरला भेट, लग्नाआधी भेटलीस तर बरं, गरोदर राहिल्यावर सगळी घाई होते. गर्भाची तपासणी पीसीपीएनडीटी कायद्यात (गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या) बसते का असं बरेच जण विचारतात, तर लिंगाशी निगडित आनुवंशिक आजारांसाठी नोंदणी असलेल्या केंद्रात ती करता येते, मुलगा-मुलगी सांगणं मात्र गुन्हाच आहे. आणि तपासून पुढे काय करायचं, हा प्रश्न तू आत्ता स्वतःला विचार, कारण एआयएस असलेलं बाळ म्हणजे काय ते तू रोज घरात बघतेयस.

बहिणीचा रिपोर्ट मागायला जाशील तेव्हा तिला आधी विचार, आईकडून परस्पर फोटो काढून मागवू नकोस. ती नाही म्हणाली तर थोडं थांब. तिच्यासाठी तो कागद वेगळा आहे.